भिंतीला ओल, हातात नोटीस: बडोद्यातल्या जुन्या घरांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं रावपुरा, दांडिया बाजार, वाडी आणि मांडवीच्या आसपासच्या पोळींतून (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्लीभोवतीची दाट वस्ती) आली आहेत. ज्यांची उत्तरं इतरांच्याही कामी येतील असे प्रश्न निवडले आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: दांडिया बाजारात आमचं दुमजली घर आहे, खालच्या भिंती दीड फूट जाडीच्या. चार वर्षांपूर्वी तळमजल्याला सिमेंटचा गिलावा केला. आता जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंग सुटतो, पांढरी बुकणी गळते आणि ओल दरवर्षी थोडी वर सरकते. कंत्राटदार म्हणतो, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारून चार फूट टाइल्स लावू. लावाव्यात का?

लावू नका. डाग झाकला जाईल आणि वर्षा-दोन वर्षांत ओल टाइल्सच्या वर डोकं काढेल.

तुमच्या भिंतीची वीट मऊ आहे आणि ती चुन्यात बांधलेली आहे. जमिनीतलं पाणी अशा विटेतून वर चढतं. पूर्वी ते चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जायचं. सिमेंटने ती वाट बुजवली. पाणी आता गिलाव्याच्या मागे अडकतं आणि जिथे सिमेंट संपतं तिथून बाहेर पडतं, म्हणून ओल वर सरकलेली दिसते. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडालं की क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागात फुगतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. ती पांढरी बुकणी म्हणजे हेच क्षार. ती पाण्याने धुऊ नका, विरघळून पुन्हा आत जाईल. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा आणि घराबाहेर टाका.

गिलाव्याला हात लावण्याआधी पाण्याचा उगम शोधा. बहुतेक घरांत तो तीनांपैकी एक असतो. पहिला, रस्ता. डांबराचे थर एकावर एक चढत जातात, ओटल्याची उंची कमी होत जाते आणि पावसाचं पाणी जोत्यापाशी साचतं. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झाली आहे का, ते पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजून पाहा; नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. दुसरा, मोरी. मोरीत गडद रंग कालवलेलं बादलीभर पाणी सोडा. बाहेरच्या चेंबरमध्ये रंग क्षीण होऊन आला किंवा आलाच नाही, तर पाइप फुटलेला आहे. तिसरा, नळजोड. घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहा. काटा तरीही हलत असेल तर प्लंबरला बोलवा, गवंड्याला नंतर.

उगम बंद झाल्यावर सिमेंट काढा, ओलीच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत. छन्नी आणि हलका हातोडा वापरा, ब्रेकर मशीन नको. सिमेंटबरोबर विटेचं तोंडही निघून येऊ लागलं तर तिथेच थांबा. तेवढा भाग राहू द्या, नाहीतर भिंतच पातळ होईल. विटांमधले सांधे अर्धा-पाऊण इंच खोल खरवडून घ्या आणि भिंत उघडी ठेवा. जाड भिंत वाळायला इंचामागे साधारण महिना लागतो असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे तुमची दीड फुटी भिंत पूर्ण कोरडी व्हायला दीड वर्ष. एवढं कोणी थांबत नाही, पण निदान एक उन्हाळा जाऊ द्या. घाईने केलेल्या गिलाव्याचे पोपडे पहिल्याच हिवाळ्यात पडतात.

नव्या गिलाव्याचं प्रमाण: एक भाग भिजवलेला चुना, एक भाग सुरकी (विटांची पूड), दोन भाग वाळू. ओल नसलेल्या वरच्या भागात सुरकी नको, एकाला तीन वाळू पुरे. कळीचा चुना विरवून, चाळून, पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्यावा. दोन-तीन महिने मुरला तर हातात लोण्यासारखा येतो. सुरकी जुन्या, कमी भाजलेल्या विटांची हवी. टाइल्सचा चुरा किंवा काळपट जळक्या विटांची पूड चालत नाही, तिची चुन्याशी क्रिया होत नाही. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो, म्हणून पहिले आठ-दहा दिवस ओलं गोणपाट टांगून भिंत दमट ठेवा. वैशाखातल्या दुपारी केलेला गिलावा दोन दिवसांत केसासारखा तडकतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

गूळ, मेथी, बेलफळ घालावं का, हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. जुने कारागीर घालत, अगदी बेताने. गूळ जास्त झाला की चुना घट्ट व्हायला वेळ लागतो आणि बुरशी धरते. त्यात जेवढा जीव घालता तेवढा वाळू धुण्यात घाला. खारी किंवा मातकट वाळू हे चुन्याचं काम फसण्याचं सगळ्यात सामान्य कारण आहे.

वरून रंग चुन्याचाच, पातळ चार-पाच हात. प्लास्टिक इमल्शन लावलंत तर पहिले पाढे पंचावन्न.

प्रश्न: रावपुऱ्यात तांबेकर वाड्याच्या मागच्या बाजूला आमचं वडिलोपार्जित घर आहे. छपराची कौलं आणि दोन वासे बदलायचे आहेत. शेजारी म्हणतात, शंभर मीटरच्या आत खिळाही ठोकता येत नाही. मिस्त्री म्हणतो, आतल्या दुरुस्तीला कोण विचारतो. खरं काय?

दोघंही चूक. तांबेकर वाडा, म्हणजे बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा भित्तिचित्रांचा वाडा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. त्यामुळे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती तुम्हाला लागू होते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर वाड्याच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात. यात लोकांचं गणित चुकतं.

प्रतिबंधित क्षेत्रात खाजगी नवं बांधकाम होत नाही. जुनं पाडून त्याच जागी बांधणंही ‘दुरुस्ती’त बसत नाही. पण १६ जून १९९२ पूर्वी उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, आणि कौलं-वासे बदलणं ही दुरुस्तीच आहे. अर्ज या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. प्राधिकरणाला शिफारशीसाठी दोन महिने मिळतात आणि त्यानंतर अधिकाऱ्याला निर्णयासाठी एक महिना. कागदावरच साडेतीन महिने होतात. जूनच्या आत छप्पर झाकायचं असेल तर अर्ज दिवाळीलाच टाका.

अर्ज बहुधा अडतो तो १९९२ पूर्वीच्या पुराव्यावर. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, विजेचं जुनं बिल, मागे घर दिसणारा लग्नाचा किंवा मुंजीचा फोटो, सगळं जमवा. सोबत आहे त्या घराचा नकाशा, करायच्या कामाचा नकाशा, आणि उंची व क्षेत्रफळ बदलणार नाही हे स्पष्ट लिहिलेलं निवेदन. ‘रिनोव्हेशन’ असा एकच मोघम शब्द लिहू नका. ‘दोन सागवानी वासे, त्याच मापाचे, मंगलोरी कौलं, त्याच उताराने’ असं लिहा. महापालिकेची परवानगी वेगळी लागते, एकीने दुसरी मिळत नाही.

मिस्त्रीच्या म्हणण्यावर जाऊ नका. परवानगीशिवाय काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि मालक म्हणून तुम्ही त्यातून सुटत नाही.

प्रश्न: कोरलेल्या सागवानी दर्शनी भागावर जुना ऑइलपेंट आहे. कॉस्टिक सोड्याने धुवावा की सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) करावं?

दोन्ही नको. कॉस्टिक लाकडाचे तंतू सैल करतं आणि आत राहिलेला अंश पुढे वर्षभर नवं पॉलिश उडवत राहतो. वाळूचा मारा कोरीव पाकळ्यांच्या कडा खाऊन टाकतो. सपाट भागावर बेताची गरम हवा आणि बोथट पाती, कोरीव भागावर पेंट रिमूव्हर आणि बांबूची काडी. काम सावकाश होतं, खर्च मजुरीचा आहे. जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका आणि मुलांना लांब ठेवा. शेवटी जवसाचं तेल पातळ करून दोन हात, फडक्याने जास्तीचं पुसून. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मग फेका.

प्रश्न: वाडीत आम्ही पाच भाडेकरू एका वाड्यात राहतो. महापालिकेने ‘जर्जरित’ म्हणून नोटीस चिकटवली आहे. मालक म्हणतात, आता पाडावंच लागेल, तुम्ही खोल्या सोडा. पाडण्यावाचून इलाज नाही का?

आधी नोटीस नीट वाचा. ती बहुधा गुजरात प्रोव्हिन्शियल म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायदा, १९४९ च्या कलम २६४ खाली असेल. पडायला आलेली इमारत उतरवणं, तिला आधार देणं किंवा ती दुरुस्त करणं, असे पर्याय त्या कलमात आहेत. ते मालकालाच नव्हे, वापरणाऱ्यालाही सांगता येतं. म्हणजे उत्तर देण्याचा मार्ग तुम्हालाही मोकळा आहे.

मात्र धोका खरा असेल तर वाद नंतर. कुठली खोली, कुठला जिना पडायच्या बेतात आहे ते पाहून तेवढा भाग आजच रिकामा करा.

मग महापालिकेच्या यादीवरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. ‘इमारत धोकादायक आहे’ एवढ्या एका ओळीचा अहवाल घेऊ नका. कुठली भिंत, कुठली तुळई, काय बिघडलंय, कशाने दुरुस्त होईल, टेकू कुठे हवेत, हे नकाशावर खुणा करून आणि फोटो जोडून मागा. तडे जुने आहेत की चालू आहेत, हे ठरवायला सोपी युक्ती आहे. तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. काच फुटली तर भिंत हलते आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करून तारीख घातली तरी तो वाढतो का ते कळतं. शंभर वर्षांपूर्वी बसलेल्या भिंतीचा मेलेला तडा आणि परवाचा तडा फोटोत सारखेच दिसतात, आणि अनेक वाडे या गल्लतीत जमीनदोस्त झाले आहेत.

नोटिशीच्या मुदतीत लेखी उत्तर द्या: अहवाल, टेकू लावल्याचे फोटो, दुरुस्तीचं वेळापत्रक आणि मुदतवाढीची विनंती. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाचही भाडेकरूंच्या सह्या असू द्या.

भाड्याच्या कायद्यानुसार घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाला किती वळता करायचा याला मर्यादा आहे आणि जुनी भाडी पाहता त्यातून वाड्याचं छप्पर होत नाही. मालकाशी बसून खर्चाची वाटणी लिहून घेणं जास्त उपयोगी. आणि इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ साली म्हटलेलं आहे. खोलीची किल्ली देण्याआधी, कोऱ्या कागदावर सही करण्याआधी, खोलीचं माप, फोटो आणि भाडेपावत्या वकिलाकडे पोहोचवा.

प्रश्न: चौकातल्या चार सागवानी खांबांपैकी दोघांचे पाय कुजले आहेत. खांबाला टोच्या मारला तर बोटभर आत जातो. सुतार म्हणतो, खांब काढून लोखंडी गर्डर टाकू.

खांबाचा पाय कुजला म्हणजे खांब गेला असं नाही. टोच्या मारत वर जा. साधारण फूट-दीड फुटावर तो अडकू लागेल, तिथून वर लाकूड ठणठणीत असतं.

कुजलं कशाने ते खाली वाकून पाहा. खांब मुळात दगडी तळखड्यावर, फरशीच्या वर उभा असतो. नंतर कोणीतरी कोबा किंवा फरशीचा नवा थर ओतला, तळखडा बुडाला आणि खांबाचा पाय सिमेंटच्या कुंडीत आला. फरशी धुतली की पाणी त्या कुंडीत उतरतं, वाळत नाही, मग वाळवीही येते. नव्या खांबालाही तेच होईल, आणि लोखंड असेल तर गंजेल. म्हणून पहिलं काम तळखड्याभोवतालचा कोबा चार बोटं फोडून दगड मोकळा करणं.

मग टेकू. खांबाच्या दोन्ही बाजूंना, तुळईच्या खाली, जॅकचे टेकू लावा. खाली आणि वर जाड फळ्या द्या म्हणजे भार पसरेल. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत खांब असेल तर तिथेही टेकू हवा. जॅक फक्त भार उचलेपर्यंत फिरवायचा. घर ‘सरळ’ करायच्या नादात इंचभर उचललंत तर वरच्या भिंती तडकतील. जे वर्षानुवर्षांत खाली बसलंय ते बसू द्या.

कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट हवी: सहा इंची खांबाला दीड फूट. दोन किंवा चार स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, डोकी आत बसवून वर लाकडी बुचं. साधे लोखंडी बोल्ट सागात काळे डाग पाडतात आणि गंजून फुगतात. नवं लाकूड ओलं असेल तर सांधा वर्षात उघडतो, म्हणून मोडीत निघालेल्या घराचा साग घ्या. बडोद्यात तो मिळतो, हे एका अर्थी दुर्दैवच. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा घाला. वाळवीसाठी परवानाधारक माणूस बोलवा आणि मातीच्या नळ्या पुसण्याआधी त्याला दाखवा. त्यांच्या मागावर गेलं तरच वारूळ सापडतं.

गर्डर टाकायचाच झाला तर त्याची टोकं मऊ विटेच्या भिंतीवर थेट ठेवू नका. खाली दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा नसेल तर भार एका जागी येऊन वीट चुरते.

प्रश्न: आमच्या पोळीचा रस्ता रुंद करणार असं ऐकतो. खुणा मारून गेले आहेत. मोर्चा काढावा की कोर्टात जावं?

त्याआधी कागद मागा. खुणा कोणत्या कायद्याखाली मारल्या, हे समजल्याशिवाय तक्रार कुठे करायची तेच कळत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज गुजरातेत २० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मागायचं काय: रस्त्याच्या रेषेचा मंजूर नकाशा, ठराव क्रमांक आणि तारीख, बाधित मिळकतींची यादी.

आधीची रेषा बदलून नवी ठरवायची असेल तर महापालिका कायद्याच्या कलम २१० प्रमाणे सभेपूर्वी निदान एक महिना वर्तमानपत्रांत आणि राजपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, शिवाय आयुक्तांच्या सहीची सूचना त्या रस्त्यावर लावावी लागते. लेखी हरकती सभेच्या पूर्ण तीन दिवस आधी म्युनिसिपल सेक्रेटरीच्या कार्यालयात पोहोचल्या पाहिजेत. सूचना लागलीच नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. रेषा नगररचना योजनेतली असेल तर प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना, आणि विकास आराखड्यातली असेल तर दोन महिने हरकतीला मिळतात. मुदत टळली की वकिलाची फी वाढते.

हरकत म्हणजे ‘आमचा वारसा वाचवा’ असं पत्र नव्हे. पोळीचा नकाशा करा. सिटी सर्व्हेच्या शीटची प्रत घ्या, दर दहा मीटरवर रस्त्याची रुंदी टेपने मोजून तिच्यावर लिहा. विहिरी, झाडं, ओटले, गटारांची झाकणं, विजेचे खांब आणि कायमच्या उभ्या गाड्या दाखवा. प्रत्येक घराला एक ओळ: मजले, बांधकाम कशाचं, राहतं की कुलूप, सरळ समोरून एक फोटो. चार-पाच जणांनी दोन-तीन रविवार दिले तर मध्यम पोळ होते. मोजल्यावर बहुतेकदा दिसतं की रस्ता सगळीकडे अरुंद नाही. अडतो तो दोन-तीन ठिकाणी, आणि तिथेही घरामुळे नाही, तर ट्रान्सफॉर्मर किंवा बंद पडलेल्या गाडीमुळे.

अग्निशमन दलाची गाडी आत येत नाही, हे रुंदीकरणाचं नेहमीचं कारण असतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दलाकडे जाऊन त्यांच्या सर्वांत लहान गाडीची रुंदी आणि होजची (पाण्याच्या नळीची) लांबी विचारा. पोळीच्या तोंडाशी आणि मधल्या चौकात हायड्रंट (होज जोडायचे आगीचे नळ) बसवले तर होज शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो का, ते तुमच्याच नकाशावर दाखवा. पर्याय हातात असलेल्या हरकतीकडे अधिकारी बघतात, नुसत्या विरोधाकडे नाही.

हा विचार बडोद्याला नवा नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोद्याच्या विकासावर अहवाल दिला आणि दोन वर्षांनी इंदूर दरबारला. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता नांगरण्यापेक्षा घरनिहाय पाहणी करावी, मोडकळीला आलेली मोजकी घरं काढावी, निघालेल्या जागेचे छोटे चौक करावेत, ही त्यांची पद्धत. पोळीत एखादं कायमचं बंद, पडकं घर असेल तर त्याच्या वारसांशी बोलून तीच जागा पार्किंगला सुचवा. रुंदीकरणाच्या बाजूने असलेली घरंही बैठकीला बोलवा. त्यांची अडचण बहुतेक वेळा गाडी लावण्याचीच असते, आणि ती सुटली नाही तर तुमच्या हरकतीवर अर्ध्या पोळीच्याही सह्या होणार नाहीत.

प्रश्न: लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग चालू आहे, तरी बदलावी का?

या हिवाळ्यात बदला. लाकडी घरांतल्या आगींचं मोठं कारण तेच, आणि एसी लावला असेल तर वाटच पाहू नका. नवी वायर ज्वालारोधक, पाइपातून आणि दिसेल अशी न्या. कोरीव तुळईला भोकं पाडू नका. प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी (जादा भार आला की बंद होणारा स्विच) आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ओल्या भिंतीमुळे आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तो काढून टाकू नका, पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचा.